एका अक्षराचे तीन पत्ते

शनिवार सकाळ. चहा झालाय, बाहेर पावसाची रिपरिप चालू आहे आणि रूममेट गावाला गेल्यामुळे घरात शांतता आहे. म्हणजे न लिहायला काही सबब उरलेली नाही. गेले दोन शनिवार काहीच लिहिलं नाही, कारण ऑफिसात मी एक घोळ घालून ठेवला होता. तो निस्तरता निस्तरता एक मस्त इतिहास हाती लागला. आज तोच सांगतो.

आधी घोळ. आमच्याकडे एका लॅबचं काम आहे. (नावं कोणाचीच सांगत नाही, अजून नोकरी करायची आहे.) पेशंटच्या डीएनएमध्ये नेहमीपेक्षा वेगळी अक्षरं कुठे कुठे आहेत याच्या त्यांच्याकडे याद्या होत्या. त्या होत्या जुन्या नकाशाप्रमाणे, आणि नव्या नकाशाप्रमाणे करून द्यायच्या होत्या. यादीतली एक ओळ म्हणजे एक पत्ता: अमुक क्रोमोझोम, तमुक क्रमांकाचं अक्षर, नकाशात इथे हे आहे, पेशंटमध्ये ते आहे. मी स्क्रिप्ट लिहिली, चालवली, एकही एरर नाही. आणि रिपोर्ट इतके स्वच्छ आले की मॅनेजरनं पाठ थोपटली. आजाराशी संबंध असलेला एकही बदल कोणातच नाही!

सोमवारी लॅबच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, "टेस्टिंगसाठी दिलेल्या फाईल्समधले चार जण सिकलसेलचे वाहक आहेत, हे मला आधीपासून माहीत आहे. तुमच्या रिपोर्टमधून ते कुठे गेले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कानाची पाळी गरम होणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

सिकलसेल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. रक्तातलं हिमोग्लोबिन बनवण्याची एक कृती ११व्या क्रोमोझोमवर लिहिलेली आहे. त्या कृतीत एका ठिकाणी 'जीएजी' ऐवजी 'जीटीजी' असतं. एक अक्षर बदललं, बस. त्यामुळे प्रोटीनमधलं एक अमायनो आम्ल बदलतं आणि ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. नेमकं कुठलं अमायनो आम्ल बदलतं हे व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५७ साली केंब्रिजमध्ये दाखवून दिलं. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत हा आजार बराच आढळतो. केंद्र सरकारनं २०२३ साली त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मिशनच सुरू केलंय. वाहक माणूस स्वतः बहुधा ठणठणीत असतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे 'तुम्ही वाहक नाही' असा चुकीचा कागद कोणाच्या हातात पडणं ही किती गंभीर गोष्ट आहे ते बघा.

आता गंमत अशी की हे अक्षर शरीरात कधीच हललेलं नाही. आई-बापांकडून जिथे मिळालं तिथेच ते बसलेलं आहे. पण त्याचा छापील पत्ता बघा. २००६ च्या नकाशात ते ११व्या क्रोमोझोमवरचं ५२,०४,८०८ वं अक्षर होतं. २००९ च्या नकाशात ५२,४८,२३२ वं झालं. आणि २०१३ च्या नकाशात ५२,२७,००२ वं. म्हणजे आधी ४३,४२४ घरं पुढे गेलं आणि मग २१,२३० घरं मागे आलं. जागचं न हलता!

हे का होतं, ते समजायला २००० सालात जायला हवं. मी तेव्हा पाटीवर रेघोट्या ओढत असेन.

माणसाचा सगळा डीएनए वाचायचा सरकारी प्रकल्प १९९० साली सुरू झाला होता. पुढे क्रेग व्हेंटर यांची सेलेरा ही खाजगी कंपनी शर्यतीत उतरली आणि सरकारी मंडळींची धावपळ सुरू झाली. डीएनए एका दमात वाचता येत नव्हता, तुकडे करून वाचावा लागायचा. तुकड्यांचा डोंगर साचला होता, पण ते क्रमानं जोडणार कोण? हे काम कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठात डेव्हिड हॉसलर यांच्या गटाकडे आलं, आणि तिथे एक अजब विद्यार्थी होता, जिम केंट. चाळिशीला टेकलेला, आधी अ‍ॅनिमेशनची सॉफ्टवेअरं लिहिलेला (ऑटोडेस्क अ‍ॅनिमेटर हे त्याचंच), आणि आता जीवशास्त्रात पीएचडी करणारा. जनुकांवर कोणी पेटंट घेऊन बसायच्या आत हा मजकूर सगळ्यांसाठी खुला व्हायला हवा, असं त्याला मनापासून वाटत होतं. मे २००० मध्ये तो कोड लिहायला बसला. चार आठवड्यांत सुमारे १०,००० ओळी, सी भाषेत. रात्री मनगटं बर्फात शेकायची आणि सकाळी परत टायपिंग. शंभर पेंटियम-थ्री मशीनं जोडून त्यानं २२ जूनला जोडणी पुरी केली. सेलेराची झाली तीन दिवसांनी. २६ जूनला व्हाईट हाऊसमध्ये क्लिंटन यांनी घोषणा केली आणि ७ जुलैला सांताक्रूझनं सगळा मजकूर इंटरनेटवर टाकून दिला.

आपल्यासारख्या लोकांना आवडेल असा एक किस्सा केंटनं नंतर सांगितला आहे. जीवशास्त्राकडे तो का वळला? तर विंडोजसाठी प्रोग्रामिंग करायचं म्हणजे डॉक्युमेंटेशनच्या बारा सीडी, आणि त्याही सारख्या बदलणार. उलट माणसाचा अख्खा जीनोम एका सीडीत बसतो आणि दर तीन महिन्यांनी बदलतही नाही!

नियतीला विनोदबुद्धी असते ती अशी. :-) कारण पुढची तीन वर्षं जीनोमही दर काही महिन्यांनी बदलला. जुलै २००० नंतर सप्टेंबर, ऑक्टोबर, डिसेंबर, मग २००१ मध्ये एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर... प्रत्येक वेळी नवी आवृत्ती.

जीनोम बदलत नव्हता, आपलं वाचन सुधारत होतं. २००० च्या मसुद्यात सुमारे दीड लाख भोकं होती. वाचता न आलेल्या जागी 'एन' हे अक्षर घालत. म्हणजे 'इथे काहीतरी आहे, काय ते माहीत नाही'. भोक किती मोठं आहे तेही माहीत नसेल, तर अंदाजे आकडा, बऱ्याचदा ५०,००० 'एन'. मग एखाद्या लॅबनं ते भोक खरंच वाचलं आणि तिथे १२,००० च अक्षरं निघाली, की त्यापुढच्या प्रत्येक अक्षराचा क्रमांक ३८,००० नं मागे. पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात चार पानं वाढली की शेवटच्या प्रकरणाचे पान नंबर बदलतात, तसंच. २००४ साली 'नेचर'मध्ये पक्की प्रत जाहीर झाली तेव्हा भोकं ३४१ उरली होती. ती भरायचं काम चालूच राहिलं. पहिल्या क्रोमोझोमची लांबी २००६ मध्ये २४,७२,४९,७१९ अक्षरं, २००९ मध्ये २४,९२,५०,६२१ आणि २०१३ मध्ये २४,८९,५६,४२२.

नावांचा घोळ वेगळाच. सांताक्रूझवाले आपल्या आवृत्त्यांना एचजी१८, एचजी१९ म्हणायचे. पुढे नकाशा सांभाळायला जीनोम रेफरन्स कन्सॉर्शियम नावाचा गट झाला, त्यांच्या लेखी २००९ ची आवृत्ती म्हणजे जीआरसीएच३७. एकाच वस्तूला दोन नावं, १९ आणि ३७. शेवटी २०१३ मध्ये सांताक्रूझवाल्यांनी शहाणपणानं मधले आकडे सोडून दिले आणि एचजी१९ नंतर थेट एचजी३८ आणली.

हे वाचताना मला आमच्या गावच्या जमिनीची आठवण झाली. आजोबांच्या जुन्या कागदांवर सर्व्हे नंबर आहे. एकत्रीकरण झाल्यावर सातबाऱ्यावर गट नंबर आला. जमीन तीच, बांध तोच, बांधावरचा आंबासुद्धा तोच, पण नंबर दुसरा. जुनं खरेदीखत वाचायचं तर जुन्या नंबरसमोर नवा नंबर दाखवणारा तक्ता लागतो. आणि ज्यांच्या घरात असे कागद आहेत त्यांना माहीत असेल, की काही जुन्या नंबरांचे दोन तुकडे दोन गटांत गेलेले असतात आणि काहींचा पत्ताच लागत नाही.

जीनोमच्या या तक्त्याचं नाव 'चेन फाईल', आणि तो वाचून पत्ते बदलणाऱ्या प्रोग्रामचं नाव 'लिफ्टओव्हर'. दोन्ही सांताक्रूझचीच. चेन ही कल्पना केंट, अँजी हिनरिक्स वगैरे मंडळींनी २००३ च्या एका पेपरात मांडली होती, तीही माणूस आणि उंदीर यांचे जीनोम शेजारी ठेवण्यासाठी. दोन मजकूर कुठे जुळतात, कुठे एकात जास्तीचा भाग आहे, कुठे उलटा लागलाय, याची साखळी. जी साखळी माणूस आणि उंदीर यांच्यात चालते ती माणसाच्या दोन आवृत्त्यांमध्ये तर चालणारच.

फाईल उघडून बघाल तर हसू येईल इतकी साधी आहे. सुरुवातीला एक ओळ: कुठलं क्रोमोझोम, किती लांब, कुठून कुठपर्यंत, ते नव्यात कुठे बसतं. मग खाली प्रत्येक ओळीत तीन आकडे. इतकी अक्षरं दोन्हीकडे सलग जुळतात, मग जुन्यात इतकी सोडा, नव्यात इतकी सोडा. परत जुळणारी, परत सोडा. बस. तुमचा पत्ता कुठल्या जुळणाऱ्या पट्ट्यात पडतो ते शोधायचं आणि फरक मिळवायचा किंवा वजा करायचा. आपलं सिकलसेलचं अक्षर ज्या पट्ट्यात आहे तिथे २००९ आणि २०१३ मधला फरक २१,२३० आहे. पट्ट्यात पडलाच नाही तर तो पत्ता वेगळ्या फाईलमध्ये जातो, कारणासकट: नव्यात नाही, किंवा नव्यात तुकडे झालेत. ही दुसरी फाईल बरेच जण उघडतही नाहीत.

इथपर्यंत वाटतं की हे सगळं बेरीज-वजाबाकीचं काम आहे. मलाही तसंच वाटत होतं. पण पत्ता बरोबर बदलला तरी अर्थ बरोबर राहील याची खात्री नसते. फॅक्टर-फाईव्ह लायडेन नावाचा एक बदल आहे, त्यानं रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो. आता नकाशा म्हणजे कोणाचा डीएनए? १९९७ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन स्वयंसेवक बोलावले होते, आणि नकाशाचा सुमारे ७० टक्के भाग त्यातल्या एकाच माणसाच्या डीएनएमधून आला. हाडामांसाची माणसं, त्यामुळे नकाशातही दुर्मिळ अक्षरं आली. २००९ च्या नकाशात या फॅक्टर-फाईव्हच्या जागी चक्क धोक्याचंच अक्षर छापलेलं होतं! यादीत आपण फक्त नकाशापेक्षा वेगळं असलेलं लिहितो. म्हणजे ज्याला आजाराचा काहीही धोका नाही त्याच्या यादीत ओळ यायची, आणि ज्याला दोन्ही पालकांकडून धोक्याचं अक्षर मिळालंय त्याच्या यादीत काहीच नाही. २०१३ च्या नकाशात ते अक्षर सुधारलं. आता जुनी यादी नुसता पत्ता बदलून पुढे नेली तर? जी ओळ नाहीच, ती पुढे जाणार तरी कशी?

या सगळ्याच्या अगदी उलटा मार्ग घेणारं एक उदाहरण मला फार आवडलं. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा स्वतःचा चिमुकला डीएनए असतो. तो १९८१ साली केंब्रिजमध्ये पूर्ण वाचला गेला: १६,५६९ अक्षरं. १९९९ मध्ये पुन्हा तपासला तेव्हा लक्षात आलं की ३,१०७ च्या आसपास एक 'सी' चुकून जास्त मोजला गेलाय. खरी अक्षरं १६,५६८. पण तोवर अठरा वर्षांचे पेपर आणि आजारांच्या याद्या जुन्या क्रमांकांवर उभ्या होत्या. मग त्यांनी काय केलं? जास्तीचं अक्षर काढलं आणि त्या जागी रिकामा पाट मांडून ठेवला. ३,१०७ व्या जागी आजही 'एन' आहे. अक्षर नाही, पण नंबर आहे. त्यामुळे पुढचा कोणीही हलला नाही. (तरी सांताक्रूझच्या एचजी१९ मध्ये हा मायटोकाँड्रिया न घेता १६,५७१ अक्षरांचा दुसराच घेतला होता. म्हणजे एचजी१९ आणि जीआरसीएच३७ एकच, हे वर मी म्हटलं खरं, पण मायटोकाँड्रिया सोडून!)

दोन्ही बाजूंचं मला पटतं. नंबर गोठवले तर जुने कागद सुरक्षित राहतात, पण १६,००० अक्षरांत एक रिकामा पाट चालतो, ३०० कोटींत लाखो पाट मांडून चालणार नाही. तिथे नंबर बदलणं आलंच. मग तक्ते सांभाळणं आलं, आणि तक्त्यावर आंधळा विश्वास न ठेवणंही आलं.

गोष्ट इथे संपलेली नाही. २०२२ साली टी-टू-टी नावाच्या गटानं शेवटची भोकंही भरून एक टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा जीनोम जाहीर केला. ३०५ कोटींहून जास्त अक्षरं, त्यातली सुमारे २० कोटी आधी नीट वाचलेलीच नव्हती. वाय क्रोमोझोम २०२३ मध्ये पुरा झाला. त्याच वर्षी ४७ माणसांचे जीनोम एकत्र गुंफलेला 'पॅनजीनोम'चा मसुदाही आला. आता एकच सरळ पट्टी नाही, तर फाटे फुटणारा आणि परत मिळणारा रस्ता. त्यावर 'इतक्या क्रमांकाचं अक्षर' असं म्हणायचं तरी कसं? आणि इकडे कितीतरी लॅब अजून २००९ च्याच नकाशावर काम करतात, कारण त्यांचा सगळा जुना अनुभव त्या नंबरांत लिहिलेला आहे. त्यांना नावं ठेवायची माझी आता हिंमत नाही.

असो. माझा घोळ काय होता ते राहिलंच.

लिफ्टओव्हर ज्या बेड फॉरमॅटमध्ये पत्ते घेतं तिथे मोजणी शून्यापासून होते आणि शेवटचा आकडा धरायचा नसतो. लॅबच्या फाईल्समध्ये मोजणी एकपासून. म्हणजे ५२,४८,२३२ व्या अक्षराचा पत्ता 'सुरुवात ५२,४८,२३१, शेवट ५२,४८,२३२' असा लिहायला हवा होता. मी लिहिला '५२,४८,२३२ ते ५२,४८,२३३'. परत वाचणारा कोड टीममधल्या मुलीनं लिहिला होता आणि तिनं तो बरोबर लिहिला होता: शेवटचा आकडा घ्यायचा. झालं, ५२,२७,००२ च्या जागी आलं ५२,२७,००३. दोघांनी सारखीच चूक केली असती तर उत्तर बरोबर आलं असतं! लाखो ओळी, प्रत्येक एका घरानं पुढे. आजारांच्या यादीशी एकही जुळेना, म्हणून रिपोर्ट स्वच्छ. शेजारच्या दारावर टकटक करून 'इथे कोणी आजारी नाही' असं लिहून आलो होतो मी.

नव्या जागी खरंच तेच अक्षर आहे का, हे तपासणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये होती. 'नंतर करू' म्हणून मीच ती कमेंट करून ठेवली होती. ती चालू असती तर पहिल्या मिनिटाला बोंब झाली असती.

दुरुस्ती तासाभरात झाली. मग दोन आठवडे तपासणी. ती ओळ आता चालू आहे, न बदललेल्या पत्त्यांची फाईल रोज माणूस वाचतो, आणि ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे असे काही नमुने प्रत्येक वेळी मुद्दाम घातले जातात. ही शेवटची कल्पना माझी नाही, डॉक्टरबाईंची. चार वाहक त्यांनी टेस्ट फाईल्समध्ये मुद्दामच ठेवले होते. एकही रिपोर्ट बाहेर गेलेला नव्हता, तो त्यांच्यामुळे.

दुरुस्त केलेले रिपोर्ट पाठवून मी त्यांना फोन केला आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "चारही सापडले. पण एक विचारू? मी चाराऐवजी शून्य ठेवले असते, तर तुम्हाला कधी कळलं असतं?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय. तुम्ही कुठलाही डेटा इकडून तिकडे हलवत असाल, तर सोमवारी ऑफिसात गेल्यावर तुमच्या स्क्रिप्टमधल्या कमेंट केलेल्या ओळी एकदा बघा.